पाहुण्याची फाईल कशी बांधावी

परदेशी विद्वानाला व्याख्यानाला बोलावण्याआधी त्याचे ग्रंथ चाळत बसू नये. त्याला कागद जपायची सवय आहे का, एवढंच कुणाकडून तरी काढून घ्यावं. ग्रंथांबद्दल पुढे कुणी विचारत नाही. चिकलठाण्याला विमानातून उतरताना बोर्डिंग पासचा तुकडा त्याच्या खिशात आहे, की तो त्याने पुढच्या सीटच्या कप्प्यात चॉकलेटच्या कागदासोबत कोंबून दिलाय, यावर संयोजकाची पुढच्या दीड वर्षाची झोप ठरते.

हे मी अनुभवाने सांगतो. छत्रपती संभाजीनगरातल्या एका संस्थेत (नाव कशाला, आमचे हिशेब बघणारे भाऊसाहेब अजून नोकरीत आहेत) मी अकरा वर्षं पाहुणे बोलावण्याचं काम केलं. ते कुणी मला दिलं नव्हतं. एका बैठकीला उशिरा पोचलो, तोवर ते माझ्या नावावर पडलेलं होतं. एकूण सात परदेशी पाहुणे आले. सातही सुखरूप परत गेले आणि त्यातल्या पाच जणांना पैसे मिळाले. आमच्या इमारतीत याला विक्रम मानतात.

आधी शहराचा स्वभाव समजून घ्यावा. इथे आण्यापर्यंत हिशेब ठेवायची जुनी रीत आहे. बीबी का मकबरा बांधायला ७ लाख रुपये मंजूर झाले होते आणि खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे आला, असं गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनाम्या'च्या हवाल्याने सांगतात. हा आकडा ऐकला की लोक ताजमहालाची आठवण काढून हळहळतात. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या मनात वेगळंच आलं : उरलेले ३१,७९६ रुपये ९ आणे अखर्चित म्हणून वेळेत परत गेले का? सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना या मकबऱ्यासाठी संगमरवराने लादलेल्या ३०० गाड्या पाहिल्याचं ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवलंय. त्यातल्या लहानात लहान गाडीलाही १२ बैल. त्या बैलांच्या वैरणीची व्हाउचरं ज्या कारकुनाने जोडली असतील, त्याचं थडगं कुठे आहे ते कळलं तर मी चादर चढवीन.

परदेशी पाहुण्याला पैसे देण्याचंही इथे काही नवल नाही. अजिंठ्याची चित्रं वाचवण्यासाठी निजाम सरकारने १९२० साली इटलीहून लॉरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहायक ओर्सिनी यांना आणलं होतं. ते १९२२ पर्यंत काम करत होते. चित्रांवर चढवलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला आणि तो काढण्यात नंतरच्या संवर्धकांची वर्षं गेली. पण चेक्कोनीसाहेबांचं बिल त्रुटीत निघाल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. काम बिघडलं तरी चालतं, कागद बिघडता कामा नये, हे तत्त्व तेव्हापासूनचं असावं.

आणि पाहुणा आल्याचा पुरावा कसा ठेवावा, याचा आदर्श त्याच्याही शंभर वर्षं आधी घालून दिला गेला. १८१९च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरला आणि त्याने खांबावर आपलं नाव, पलटणीचं नाव आणि तारीख कोरून ठेवली. सगळे त्याला नावं ठेवतात. मीही ठेवतो. पण ऑडिटच्या नजरेने बघा : स्वाक्षरी, हुद्दा, दिनांक, स्थळ. एकही त्रुटी नाही, आणि दोनशे वर्षं कुणी मूळ प्रत मागितलेली नाही.

आता प्रत्यक्ष कृती. पाहुण्याला निमंत्रण पाठवायचं तर आधी मंजुरी लागते. मंजुरीला अंदाजे खर्च लागतो. खर्चाला तिकिटाचा दर लागतो, तिकिटाला तारीख लागते, आणि तारीख पाहुणा कळवणार निमंत्रण मिळाल्यावर. या चक्रातून बाहेर पडायला आपल्या प्रशासनाने एक दार ठेवलंय. त्याला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. आधी गोष्ट घडू द्यायची, मग ती घडावी अशी विनंती करायची. ही टिपणी लिहिताना काळ सांभाळणं अवघड जातं. मी एकदा "पाहुणे येऊन गेले आहेत, तरी त्यांनी यावे किंवा कसे, आदेशार्थ सादर" असं लिहिलं होतं. वरून फक्त "चर्चा करावी" एवढा शेरा आला.

व्हिसाच्या बाबतीत पाहुण्याचं ऐकू नये. "मी वेरूळही बघणार आहे, तेव्हा पर्यटक व्हिसा चालेल ना?" असं ते गोड आवाजात विचारतात. चालत नाही. परिषदेला येणाऱ्यासाठी परिषदेचा व्हिसा वेगळा असतो, आणि तो मागायला आधी परवानग्यांची कागदपत्रं जमवावी लागतात. पाहुणा येतच नसेल तर सुटका होईल, असंही समजू नये. २०२१च्या जानेवारीत ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषदांनासुद्धा मंत्रालयाची पूर्वपरवानगी घ्यावी असा आदेश निघाला होता. पाहुणा त्याच्या घरी, आम्ही आमच्या घरी, मध्ये समुद्र, आणि तरी परवानगी. पुढच्याच महिन्यात तो आदेश मागे घेतला. पण त्या महिनाभरात आमच्या आवक-जावक विभागाला जी तरतरी आली होती ती नंतर कधी दिसली नाही.

मोठ्या योजनांतलं काम तुलनेने सोपं असतं, हे कबूल करायला हवं. केंद्राच्या २०१५च्या 'ग्यान' योजनेत परदेशी अध्यापकाला १२ ते १४ तासांच्या शिकवणीला ८,००० डॉलरपर्यंत आणि २० ते २८ तासांना १२,००० डॉलरपर्यंत एकगठ्ठा रक्कम ठरवली होती. प्रवास, मानधन, सगळं त्यातच. कोण कुठल्या गाडीत बसलं, याची पंचाईत नाही. ही मार्गदर्शिका त्या भाग्यवंतांसाठी नाही. ही आहे १०,००० रुपये मानधन आणि देशांतर्गत विमानभाडं 'नियमानुसार' देणाऱ्यांसाठी. रक्कम जितकी लहान तितकी फाईल जाड, हा माझ्या अकरा वर्षांच्या संशोधनाचा एकमेव निष्कर्ष आहे, आणि तो कुठल्याही जर्नलने छापला नाही.

माझे सहावे पाहुणे जर्मनीहून आले होते, २०२४च्या जानेवारीत. मध्ययुगीन पाणीवाटपाचा अभ्यास. माणूस सज्जन, पाणचक्कीसमोर दोन तास नुसता उभा राहिला. फ्रँकफर्ट ते मुंबई त्यांच्या विद्यापीठाने, मुंबई ते इथपर्यंत आम्ही, असं ठरलं होतं. निमंत्रणपत्रावर होतं छत्रपती संभाजीनगर. तिकिटावर होतं औरंगाबाद. बोर्डिंग पासवर तर नुसताच विमानतळाचा कोड, आयएक्सयू.

"सर," भाऊसाहेब चष्मा कपाळावर चढवत म्हणाले, "बोलावलं एका गावाला अन् उतरले दुसऱ्याच गावाला, असं दिसायलंय हे."

"भाऊसाहेब, एकच गाव आहे. तुम्ही राहता त्यात."

"मी राहतो हो. पण फाईल मुंबईला जाऊन बसल्यावर तिथल्या ऑडिटरला मी कुठं राहतो ते काय माहीत?"

मी त्यांना सांगितलं की मलिक अंबरने १६१० साली वसवलं तेव्हा हे खडकी होतं, मग फतेहनगर झालं, १६५३ नंतर औरंगाबाद आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हे सगळं लेटरहेडवर द्या म्हणाले. शेवटी मी दिलेला दाखला असा होता : "प्रमाणित करण्यात येते की पाहुणे ज्या शहरात निमंत्रित होते व ज्या शहरात उतरले ती शहरे एकच असून दोहोंमधील अंतर शून्य किलोमीटर आहे, सबब त्यासाठी वेगळा प्रवासभत्ता देय नाही." हा मसुदा वाचकांनी उतरवून घ्यायला हरकत नाही. भाऊसाहेबांनी फक्त 'सबब' खाली रेघ मारली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं.

पाहुणा गेस्ट हाउसला उतरला की २४ तासांत त्याच्या नोंदीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. तो केअरटेकर भरतो, म्हणजे तुम्ही भरता. रिक्षावाल्याकडून पावती मिळत नाही. तेव्हा पावती मिळाली नाही याची पावती पाहुण्याने स्वतःच्या सहीने द्यावी. वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी, हे लक्षात ठेवून व्याख्यान लावावं; मी मंगळवार मोकळा ठेवला होता. शेवटी बुधवारी वेरूळला नेलं. खिडकीवर माझं तिकीट ४० रुपयांचं, त्यांचं ६०० रुपयांचं. ही ५६० रुपयांची तफावत 'स्थळदर्शन' असल्याने अनुज्ञेय नाही. ती संयोजकाच्या खिशातून जाते. पाहुण्याला द्यायची हिमरू शाल खर्चाच्या कुठल्या हेडला टाकावी यावर मी एक स्वतंत्र टिपण केलेलं आहे, ते मागणीनुसार मिळेल.

विनिमयदराचा प्रश्न मात्र जरा सविस्तर घ्यायला हवा, कारण इथेच नवखे संयोजक धाडकन पडतात. पाहुण्याने मुंबईपासूनचं तिकीट तिकडे बसून युरोत काढलं होतं. मग कोणत्या दिवसाचा दर धरायचा? तिकीट काढलं त्या दिवसाचा, प्रवासाच्या दिवसाचा, बिल सादर केलं त्या दिवसाचा, की पैसे जातील त्या दिवसाचा? खरं तर मराठवाड्याला हे गणित जड जाऊ नये. निजामाच्या राज्यात इथे हाली रुपया चालायचा आणि इंग्रजी रुपयाला कलदार म्हणायचे. सात हालीला सहा कलदार. मनमाडला गाडी बदलणारे आमचे आजोबा हा हिशेब तोंडी करत. मी भाऊसाहेबांसमोर चारही तारखांचे दर छापून ठेवले. त्यांनी चारही कागद एकावर एक ठेवून सारखे केले आणि म्हणाले, "ज्यात कमी येतंय ते धरू." फरक १४३ रुपयांचा होता. छपाई, झेरॉक्स आणि दोन वेळचा चहा धरून तो ठरवायला मला १९० रुपये लागले.

बोर्डिंग पासचं मी वर बोललोच. या पाहुण्याने तो जपला होता, तोही कडक, सुरकुती नसलेला, डायरीत दाबून ठेवलेल्या पानासारखा. मी टेबलावर ठेवला तेव्हा भाऊसाहेबांनी तो उजेडाकडे धरून पाहिला. पाहुणे शेजारच्या खुर्चीवर बसले होते.

"आले म्हणायचे," भाऊसाहेब म्हणाले.

"अहो, हे काय, समोर बसलेत की."

"माणूस बसलाय हो सर, दिसायलाय मला. पण माणूस टाचणीनं फायलीला लावता येत नाही ना." मग त्यांनी फ्रँकफर्ट–मुंबईचा बोर्डिंग पासही मागून घेतला. त्याचे पैसे आपण देत नाही, असं मी म्हणालो. "असू द्या जोडून. आकाशातून पडले का काय, असं कुणी विचारलं तर?" दोन्ही पास त्यांनी फेव्हिकॉलने डकवले, कडांवर संस्थेचा शिक्का अर्धा पासवर अर्धा कागदावर असा मारला आणि पाहुण्यांकडे बघून हसले. पाहुणेही हसले. दोघांचं एकमेकांविषयी फार चांगलं मत झालं.

आता पावती. वाचकहो, इथे थांबा. इथपर्यंत जे आलं ते बालवाडीचं होतं.

५,००० रुपयांच्या वरच्या रकमेच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं. भाऊसाहेबांनी खणातून तिकिटांची पट्टी काढली, एक हलकेच फाडलं, स्पंजचं डबडं कोरडं होतं म्हणून जिभेला लावलं आणि चिकटवलं. पाहुण्यांनी डोळे मोठे करून पाहिलं. मग पेन घेतलं आणि तिकिटाच्या बरोबर खाली, तिकिटाला धक्का लागणार नाही अशा बेताने, सुबक अक्षरात सही केली. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. सही तिकिटावर आडवी पाहिजे, अर्धी वर, अर्धी कागदावर. पाहुणे म्हणाले, एवढं छान तिकीट, खराब कशाला करायचं? त्यांच्या मुलीला तिकिटं जमवायचा नाद होता. नवी पावती, नवं तिकीट. पहिलं तिकीट मुलीसाठी हवं होतं, पण ते रद्द पावतीला लागलेलं आणि रद्द पावती फायलीला लागलेली. मी माझ्या पाकिटातून एक कोरं तिकीट दिलं. संयोजकाच्या पाकिटात रेव्हेन्यू तिकिटं असावीत, हे सांगायचं राहिलं होतं.

सही करायच्या आधी त्यांनी पावती वाचली. इथे माझी चूक झाली. पाहुण्याला पावती वाचू देऊ नये. त्यावर छापलेलं होतं : वरील रक्कम मला पूर्णपणे मिळाली. मी भाषांतर करून सांगितलं.

"पण मला मिळालेली नाही," ते म्हणाले.

"मिळेल."

"मग मिळाल्यावर सही करतो."

"सही केल्याशिवाय बिल पुढे जात नाही."

ते विचारात पडले. पाणीवाटपाच्या तंट्यांवर आयुष्य घालवलेला माणूस. त्याला तर्काची सवय. "मला पैसे मिळाले असं मी लिहून दिलं," ते सावकाश म्हणाले, "तर मग तुम्ही मला पैसे कशासाठी द्याल?"

मी हे भाऊसाहेबांना जसंच्या तसं सांगितलं. या प्रश्नाने ते गडबडतील अशी मला आशा होती. ते म्हणाले, "त्यांनी मिळाले म्हणून सही केलीय ना, म्हणूनच द्यायचे. नाहीतर सही खोटी पडंल."

हे भाषांतर करायला मला वेळ लागला. पाहुण्यांनी दोनदा ऐकलं, वहीत टिपून घेतलं आणि तिकिटावर आडवी सही केली. हिशेब आणि तत्त्वज्ञान यांची सांगड मी तेवढी एकदाच पाहिली.

पैसे पाठवण्याचा भाग थोडक्यात उरकतो, कारण तो आठवला की अजून माझं डोकं दुखतं. पोर्टलला पाहुण्याचा आयएफएससी लागतो. तो असतो ११ अक्षरांचा. जर्मन बँकेचा स्विफ्ट कोडही ११ अक्षरांचाच निघाला, म्हणून मी आनंदाने रकान्यात भरला. पोर्टल लाल झालं. आयएफएससीत पाचव्या जागी शून्य असतं. यांच्या कोडात पाचवं अक्षर डी. "शून्यच हाय की ते, जरा पोट सपाट झालंय," असं भाऊसाहेब म्हणाले, पण यंत्राला विनोद कळत नाही. मग बँकेची वाट. ५ लाखांच्या आतल्या रकमेला सीएचा दाखला लागत नाही, हा नियम मी छापून नेला. बँकेतल्या बाई म्हणाल्या, हो, लागत नाही, पण जोडून द्या. पाहुण्याकडे पॅन नाही म्हणून २० टक्के कर. दोन देशांच्या करारात सूट मिळू शकली असती, पण त्यासाठी त्यांच्या करखात्याचा दाखला हवा, तो जर्मनमध्ये आला, आणि त्याच्या भाषांतराचा खर्च कोणत्या हेडला टाकायचा हे ठरेपर्यंत आर्थिक वर्ष संपलं. घरी हिने एकदाच विचारलं, "त्यांना द्यायचे किती आहेत? आपणच का नाही देऊन टाकत?" मी म्हणालो, तसं केलं तर मला परत मिळण्यासाठी फाईल करावी लागेल.

चौदा महिन्यांनी पैसे गेले. कर जाऊन, दोन्हीकडच्या बँकांचं शुल्क जाऊन ६१ युरो ४० सेंट पोचले. पाहुण्यांचं पत्र आलं. आधी त्यांना वाटलं होतं की कुणीतरी फसवतंय, कारण पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी आमच्या खात्याचा नुसता अनुक्रमांक होता. मग उलगडा झाला, त्यांनी मनापासून आभार मानले, मुलीने तिकीट वहीत लावल्याचं कळवलं. शेवटी एक लहानशी विनंती होती. त्यांच्या विद्यापीठाचा लेखाविभाग जुन्या प्रवासांची तपासणी करतोय आणि त्यांना फ्रँकफर्ट–मुंबईचा बोर्डिंग पास हवाय, मूळ. तो परत पाठवता येईल का?

मी पत्र घेऊन भाऊसाहेबांकडे गेलो. त्यांनी कपाटातून फाईल काढली, दोरी सोडली, पान उलटलं. पास तिथेच होता, फेव्हिकॉल पक्का झालेला, शिक्का ठसठशीत.

"सर, हा आता फायलीचा झाला," ते हळूच म्हणाले. खूप वेळ पासावरून बोट फिरवत राहिले. "पण माणूस चांगला होता. सत्यप्रत देऊ. तेवढ्यासाठी फक्त त्यांना एकदा समक्ष यावं लागंल, ओळख पटवायला."

मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "येताना बोर्डिंग पास तेवढा सांभाळून आणा म्हणावं."